अडचण वेढ्यांची नाही, पत्र्यांची

महोदय,

इंदुरात हौसेने व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) गिटार अ‍ॅम्प्लिफायर बांधणारे बहुधा व्हॉल्व्हला स्पीकरशी जोडणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरवरच फसतात. एकच ६व्ही६ (पॉवर व्हॉल्व्ह) असेल तर प्रायमरी, म्हणजे व्हॉल्व्हकडची गुंडाळी, ५,००० ओहमची, स्पीकर ८ ओहमचा. म्हणजे वेढ्यांचे प्रमाण २५:१ (५,००० भागिले ८, त्याचे वर्गमूळ). स्पीकरच्या बाजूला ६ व्होल्ट एसी दिले की प्रायमरीवर १५० च्या आसपास दिसले पाहिजेत (हात लांब ठेवा!). वाइंडिंगवाला वेढे बरोबर घालतो, पण गाभ्याचे ‘ई’ आणि ‘आय’ आकाराचे पत्रे सवयीने आलटून-पालटून भरतो. इथे ते चालत नाही. प्रायमरीतून सतत ४० मिलिअँपिअरच्या आसपास डीसी वाहतो. म्हणून सगळे ‘ई’ एकीकडे, ‘आय’ दुसरीकडे आणि मध्ये पातळ कागद. नाहीतर गाभा संपृक्त होतो (आणखी चुंबकत्व घेत नाही), खर्ज सुरांचा पार चोथा.

वीज पुरवणारा पॉवर ट्रान्सफॉर्मर २५०-०-२५० व्होल्ट (मध्यबिंदूपासून दोन्हीकडे २५०), १०० मिलिअँपिअरचा, व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरला ६.३ व्होल्ट, २ अँपिअर. अमेरिकी सर्किटमधली १२० व्होल्टची प्रायमरी तशीच घेऊ नका, २३० ची सांगा. एसीचा डीसी करायला डायोड लावल्यास २५० चे ३५० होतात, व्हॉल्व्ह तापेपर्यंत त्याहून जास्त. फिल्टर कपॅसिटर ४५० व्होल्टचेच घ्या आणि त्यांतला साठा उतरावा म्हणून त्यांना समांतर २२० किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर जोडा. बंद केलेला अ‍ॅम्प्लिफायरही झटका देतो.

– एक वाचक, इंदूर