कपडा आधी उलटा करून बघा

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही शुक्रवारी मुंबईच्या चोर बाजारात जाऊन माझ्या जुन्या कपड्यांच्या आणि वस्तूंच्या संग्रहासाठी काही मिळतंय का बघणार, हे ऐकून फार आनंद झाला. फोनवर सांगितलेलं बाजाराच्या गर्दीत आठवत नाही, म्हणून लिहूनच पाठवते. कागद खिशात ठेवा.

शुक्रवारी मटण स्ट्रीटवरची दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. उजाडायच्या आधीच सुरू होतो, म्हणून टॉर्च न्या. सोबत मापाची टेप, सुटे पैसे आणि एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी. जुन्या शर्टावरच्या मापाच्या नंबरावर जाऊ नका. सुती कापड इतक्या धुण्यांत आटलेलं असतं. शर्ट सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा. मला १९ इंचांपेक्षा कमी नको.

कपडा हातात आला की आधी उलटा करा. जुन्या शिंप्याने शिवलेला असेल तर शिवणीत अर्धा-पाऊण इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, सोडलेली सापडते. ती असेल तर कपडा उसवून सैल करता येतो. शिवाय मायेच्या आतल्या बाजूला ऊन लागलेलं नसतं, म्हणून कापडाचा मूळ रंग तिथे टिकून राहतो. शेजारचा भाग त्याच्याशी ताडून बघा, कपडा किती विटलाय ते लगेच कळतं. मग काखेचा भाग टॉर्चसमोर धरा आणि दोन अंगठ्यांनी हलकेच ताणा. घामाने सूत कुजलेलं असेल तर बारीक चर्र असा आवाज येतो. असा कपडा कितीही सुंदर असला तरी ठेवून द्या. रफू करायलासुद्धा भोकाभोवतीचं सूत भक्कम लागतं. बटण तुटलेलं, शिवण उसवलेली, झिप अडकलेली चालेल, ते सगळं दुरुस्त होतं.

गळपट्टीच्या आत शिंप्याचं लेबल असेल तर त्यावरचा पत्ता नीट वाचा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. त्याआधी पत्त्यात नुसतं ‘बॉम्बे २’ किंवा ‘बॉम्बे ४’ असं लिहायचे. नुसता आकडा असेल तर कपडा बहुधा १९७२च्या आधीचा, ‘बॉम्बे ४०० ००४’ असेल तर नंतरचा, आणि ‘मुंबई’ छापलेलं असेल तर बहुतेक १९९५नंतरचा. दुकानदार जुनी लेबलं संपेपर्यंत वापरत, म्हणून दोन-चार वर्षं इकडेतिकडे धरायची. आणि कापडाच्या काठावर गिरणीचं नाव छापलेलं दिसलं तर विचार करत बसू नका, घ्या. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगावातल्या कितीतरी गिरण्या पुन्हा उभ्याच राहिल्या नाहीत. त्यांच्या कापडाचा असा तुकडा मला हवाच आहे.

एचएमटीच्या घड्याळाचा मोह तुम्हाला होणारच, बाबा. तिथे बरीच घड्याळं जुन्या मशीनवर नवी तबकडी रंगवून विकतात. संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. तबकडी झगझगीत केशरी किंवा पोपटी, अक्षरांची शाई जाड आणि पसरलेली, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी न जुळणाऱ्या, असं दिसलं तर घेऊ नका. डागाळलेली पण मूळ तबकडी मला जास्त मोलाची. घेतलंत तर रोज चावी देऊ नका. वाळलेल्या तेलाने चक्रं झिजतात, आधी घड्याळजीकडून साफ करून घ्या. रेक्झिनच्या पर्सवरून बोट फिरवा. चिकट लागली तर सोडा, तो चिकटपणा जात नाही.

घरी आल्यावर पिशवी पलंगावर ठेवू नका, ढेकणांची भीती असते. कपडे पिशवीत घट्ट बांधून चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी थेट उघडायची नाही, नाहीतर दमट हवेतलं पाणी गार कापडावर धरतं. अर्धा दिवस तशीच राहू दे. चामड्याच्या वस्तू आणि घड्याळ फ्रीजरमध्ये अजिबात नको.

आता आई, तुझ्या ट्रंकेतल्या साड्यांबद्दल. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचा मुलामा. पदराच्या टोकाला सुटलेला एक जरीचा धागा नखाने खरवड. आत लाल किंवा पिवळं रेशीम दिसलं तर जर बहुधा खरी. सांडशीत धरून जाळल्यावर वितळून कडक गोळी झाली तर प्लॅस्टिकची. पैठणीचा पदर मागून बघ. हातमागावरचा दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, यंत्रावरच्याला मागे सुटे धागे लोंबतात. जर काळी पडली असेल तर चिंच, लिंबू, टूथपेस्ट काही लावू नकोस. मुलामा निघून जातो आणि रेशीमही खराब होऊ शकतं. काळी राहिली तरी चालेल.

खळ केलेली साडी तशीच ठेवायची नाही. खळीच्या वासाने झुरळं आणि चंदेरी किडे येतात. साडी धुतलेल्या मलमलीत गुंडाळ, प्लॅस्टिकमध्ये कोंडू नकोस, पावसाळ्यात बुरशी येते. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नकोस. लवंगा पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेव. दर तीन महिन्यांनी घडी बदल, कारण रेशीम नेमकं घडीवरच तुटतं. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की सावलीत दोन तास पसरून ठेव.

बोहारीण आली तर आतून न बघता एकही साडी तिच्या हातात देऊ नकोस. खऱ्या जरीचे काठ चांदीसाठी जाळले जातात, आणि बदल्यात मिळतो तो एक स्टीलचा डबा. ज्यांच्याबद्दल शंका वाटेल त्या बाजूला काढून ठेव. पुढच्या रविवारी मी भिंग घेऊन येते, आपण एकेक उघडून बघू.

तुमची लेक