दर्या बंद असताना ताजी सुरमई?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मालवणच्या पावसाळी सहलीत कुठे जेवावे हे सांगणारा लेख कालच्या रविवार पुरवणीत वाचला. खरे तर बाबांना वाचून दाखवला. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, पण पेपरात मालवण हा शब्द आला की तो मजकूर त्यांना ऐकवावाच लागतो. गाव मालवण तालुक्यात, नोकरी सगळी मुंबईत, वय ७९. जुलैच्या पावसात समुद्राकडे बघत ताज्या सुरमईची थाळी खावी, असा सल्ला आला तेव्हा बाबांनी हात वर करून मला थांबवले. "जुलयात?" एवढेच म्हणाले. पुढचा लेख त्यांनी ऐकला नाही. मी एकटीने पूर्ण वाचला आणि रात्रभर तो डोक्यातून गेला नाही, म्हणून आज लिहायला बसले.

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. मासळीच्या विणीचा काळ, त्यात समुद्र खवळलेला. मे संपत आला की तुमच्याच अंकात ही बातमी येते, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांचा फोटोही येतो. पुरवणीच्या लेखकाने निदान आपला पेपर वाचायला हवा होता. सुरमई खाडीत गळ टाकून मिळत नाही. जुलैत मालवणच्या ताटात ती येते ती शीतगृहातून, नाहीतर पूर्व किनाऱ्यावरून बर्फात, कारण तिकडची बंदी १४ जूनला संपते. बर्फातली सुरमई खाण्यात वाईट काही नाही, आम्ही डोंबिवलीत तीच खातो. पण ती ताजी म्हणून विकणे खोटे आहे, आणि ते खोटे तुमच्या पानावर छापले गेले याचे मला फार वाईट वाटते.

हे मी ऐकीव सांगत नाही. गेल्या वर्षी जुलैतच आम्ही पाच जण मालवणला गेलो होतो : मी, माझे यजमान, दोन मुले आणि बाबा. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे बाबांना सहा वर्षे गावाकडे जाता आले नव्हते. पहिल्या दुपारी फोनवर ज्याला सगळ्यात जास्त तारे दिसले, त्या हॉटेलात शिरलो. गाड्या लावायला प्रशस्त जागा, बारा पानांचे मेनूकार्ड, आणि त्या कार्डात सुरमई, पापलेट, कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, सगळेच हजर. दर कुठेच नाहीत, नुसते 'बाजारभावाप्रमाणे'. वाढायला आलेला मुलगा म्हणाला, सगळे फ्रेश आहे. बाबांनी त्याला शांतपणे विचारले, "दर्यो बंद आसा, मगे ही ताजी सुरमय खंयसून इली?" मुलगा गल्ल्याकडे बघायला लागला. तिथून मालक उठून आले आणि म्हणाले, आमची स्वतःची बोट आहे. बाबा म्हणाले, "सगळ्यांच्यो होड्यो वर काढलेल्यो आसत, तुजीच कशी पाण्यात?" त्यावर उत्तर आले नाही. पाऊण तासाने थाळी आली.

तुकडीवर रव्याचा जाड थर आणि आत पांढरा, कोरडा, चोथ्यासारखा मासा. बाबांनी एक घास घेतला आणि तुकडी ताटाच्या कडेला सरकवून ठेवली. सोलकढी म्हणून जे आले त्याचा रंग लग्नातल्या सरबतासारखा भडक गुलाबी. आमसूल भिजवून काढलेल्या पाण्यात नारळाचे दूध पडले की रंग फिकट, मवाळ होतो. ज्या घरात ती रोज होते तिथल्या लहान मुलालाही हे कळते. मुलाने कोंबडी-वडे मागवले होते, त्याला गव्हाच्या पुऱ्या मिळाल्या. तीन सुरमई थाळ्या, एक कोंबडीची, एक शाकाहारी, मिळून २,२८० रुपये झाले. पैशांचे दुःख एवढेच की ते बाबांनी दिले. सहा वर्षांनी गावात आलोय, आजचे जेवण माझ्याकडून, असे त्यांनी सकाळीच सांगून ठेवले होते. त्या दुपारी ते सोलकढी न पिता कोरडा भात खाऊन उठले.

संध्याकाळी आम्ही राहत होतो तिथल्या बाईंनी पलीकडच्या आळीतल्या एका खानावळीचे नाव सांगितले. पाटी नाही. पडवीत दोन बाकडी. खानावळवाल्या काकी दारातच म्हणाल्या, "ताजी मासळी नाय हां. चलात तर येवा." किती माणसे ते सकाळी नऊच्या आत सांगा, एवढी एकच अट घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पानात काय होते ते सविस्तर लिहिते, कारण पावसाळ्यात मालवणला जाणाऱ्याला नेमके हेच कोणी सांगत नाही. उकड्या तांदळाची गरम पेज. कुळथाची पिठी, लसणीची फोडणी घातलेली. निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा आणि त्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब. पहिल्या पावसानंतर परसात उगवलेल्या टाकळ्याची भाजी, त्यात उन्हाळ्यात राखून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या. तांदळाची भाकरी, खारातली कैरी आणि वाटीत सोलकढी, फिकट रंगाची, वर कोथिंबीर. पावसाळ्यात किनाऱ्यावरची माणसे हेच जेवतात. एप्रिल-मेच्या उन्हात मासळी वाळवून ठेवायची ती याच दोन महिन्यांच्या बेगमीसाठी. बाबांनी पेज दोनदा मागून घेतली. तिसऱ्यांदा काकींनी न विचारताच वाढली आणि विचारले, "आजोबानु, खंयचे तुम्ही?" मग गावाचे नाव, वाडीचे नाव, कोणाचे कोण, अशी तासभर बोलणी झाली. माझ्या मुलांनी आजोबांना इतके बोलताना पहिल्यांदा पाहिले. माणशी दीडशे रुपये घेतले.

तुमच्या लेखात अशा खानावळींना एक वाक्य दिले आहे : घरगुती ठिकाणी पर्याय कमी असतात आणि थांबावे लागते. या वाक्याचा मला सर्वांत जास्त राग आला. पर्याय कमी असतात, कारण त्या बाईकडे जे खरोखर आहे तेच ती सांगते. थांबावे लागते, कारण वड्याचे पीठ आधी भिजवून ठेवावे लागते, तांदूळ, उडीद, हरभऱ्याची डाळ, धणे, मेथी असे जाडसर दळलेले पीठ. ऑर्डर आल्यावर पाकीट फोडून ते होत नाही. (लेखात या वड्यांना 'फुगलेल्या जाड पुऱ्या' म्हटले आहे. मला मिळाल्या त्या पुऱ्याच होत्या. लेखकालाही त्याच मिळाल्या असणार.) ज्या पाच हॉटेलांची नावे छापली, त्या पाचही ठिकाणी शंभर माणसे बसतात. तिथे जायला पेपरात नाव येण्याची गरज नाही, रस्त्यावरून पाटी दिसतेच. ज्या बाईकडे पाटी नाही, कार्ड नाही, फोनवर तारे नाहीत, तिच्यापर्यंत वाचक कसा पोहोचेल हे सांगणे पेपराचे काम होते. नाव छापू नका हवे तर. दोन गोष्टी सांगितल्या तरी पुरे : जिथे राहता त्या घरच्या माणसांना विचारा, आणि सकाळीच माणसे किती ते कळवा. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्यानंतर किनाऱ्यालगतच्या कितीतरी घरांतल्या बायकांनी पडवीत बाकडी टाकली आणि मुलांची शिक्षणे केली. त्यांचे गिऱ्हाईक एका वाक्यात तोडू नका.

ज्याला ताजी मासळीच खायची आहे त्याने ऑगस्टनंतर जावे. कायद्याने बंदी ३१ जुलैला संपते, तरी पारंपरिक मच्छीमार नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नाहीत. त्या दिवशी मालवणच्या बंदरावर नारळ लढवायला गर्दी होते, ती मुलांना दाखवण्यासारखी आहे. त्यानंतर बंदरावर मासळी उतरताना बघावी, आज काय जास्त आले ते विचारावे आणि तेच खावे. बांगडा भरपूर आला असेल त्या दिवशी बांगड्याचे तिरफळ घातलेले तिखले खावे, सुरमईचा हट्ट धरू नये. आणखी एक. लेखात जुलैच्या सहलीत किल्ला बघायला सांगितला आहे. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारी होडी बंद असते. लहान मुले घेऊन कोणी त्या भरवशावर गेले तर जेट्टीवर उभे राहून लांबून बघून परत येतील.

आता फोटोबद्दल. लेखाच्या मधोमध चार कॉलमी फोटो आहे, खाली 'मालवणचे प्रसिद्ध पापलेट' असे लिहिले आहे. फोटोतला मासा काळपट करडा आहे. तो हलवा आहे. मालवणात कोणालाही दाखवा. पापलेट चंदेरी असते आणि दरही हलव्यापेक्षा बराच जास्त असतो. नवख्या माणसाला हॉटेलात याच दोन माशांत फसवतात, पापलेटचे पैसे घेऊन पानात हलवा वाढतात. वाचकाने तुमचा फोटो बघून गेल्यावर त्याला हलवाच पापलेट वाटेल, मग तो भांडणार तरी कसा?

लेख झाला तो झाला. पण बंदीच्या तारखा आणि होडी बंद असल्याची सूचना पुढच्या रविवारी त्याच पानावर चौकटीत छापावी. फोटोची दुरुस्ती मात्र उद्याच्याच अंकात हवी, शाळा सुरू असली तरी जोडून सुट्ट्या आल्या की लोक निघतात.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली