विद्यापीठात विज्ञानाची जत्रा भरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

28 फेब्रुवारी जवळ आला की खान्देशातल्या शाळा-महाविद्यालयांत राष्ट्रीय विज्ञान दिनाची लगबग सुरू होते. सर सी. व्ही. रामन यांनी 1928 साली याच तारखेला प्रकाशाच्या विखुरण्याचा ‘रामन परिणाम’ शोधला, म्हणून 1987 पासून हा दिवस साजरा होतो. बहुतेक ठिकाणी कार्यक्रम ठरलेला असतो: दीपप्रज्वलन, पाहुण्यांचे लांबलेले भाषण, पोस्टर, प्रमाणपत्रे. गावातल्या माणसाला त्याचे बोलावणेच नसते.

केंब्रिज विद्यापीठाने 1994 साली सर्व वयांच्या लोकांसाठी विज्ञान महोत्सव सुरू केला. 2021 पासून तो केंब्रिज फेस्टिव्हलमध्ये सामावला आहे. एवढ्या लांब कशाला, नारायणगावजवळ खोडदला 30 अँटेनांची रेडिओ दुर्बीण विज्ञान दिनाला लोकांसाठी खुली करतात, तेव्हा शाळांची रीघ लागते. मग कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने वर्षातून एक रविवार प्रयोगशाळा सर्वांना उघडल्या तर?

दाखवायला सामान बाहेरून आणायला नको. पिकलेले केळे कुस्करायचे, मीठ आणि भांडी घासायच्या साबणाचे पाणी घालून गाळायचे, वरून थंडगार स्पिरिट कडेकडेने सोडायचे. थोड्या वेळात दोन थरांच्या मधोमध पिंजलेल्या कापसासारखे पांढरे तंतू तरंगू लागतात. तो केळीचा डीएनए. रावेर-यावलकडच्या ज्या शेतकऱ्याची हयात केळीत गेली, त्याने हे एकदा डोळ्यांनी पाहावे. आपल्या केळीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, म्हणून बी धरत नाही आणि लागवड कंदाने किंवा टिश्यू कल्चरच्या (प्रयोगशाळेत वाढवलेल्या) रोपांनी करावी लागते, हे तिथेच सांगता येईल. शेजारच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक ठेवा. केळीवर रोग आणणारा सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक) विषाणू त्यात दिसणार नाही, पण तो झाडाझाडांवर नेणारी मावा ही कीड दिसेल. मग फवारणी नेमकी कशावर, हा वाद पोरांपेक्षा आजोबाच जास्त घालतील. घालू द्यावा!

लोकांना विहिरीचे पाणी बाटलीत घेऊन यायला सांगा आणि त्यांच्यासमोर क्षार मोजा. धुळे-नंदुरबारच्या माळावर लांबच लांब दगडी भिंतींसारखे डाइक उभे आहेत. लाव्हा भेगांत शिरून थिजल्याने ते बनले. भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्यांचे दगड मांडावेत आणि जमेल तिथे अहिराणीत समजावून सांगावे.

एक अडचण आहे. शहादा-तळोद्याच्या कुटुंबाने एका दिवसासाठी जळगावला यायचे म्हणजे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी. विद्यापीठाचे कार्यक्षेत्र तीन जिल्ह्यांचे आहे, तेव्हा महोत्सव एक वर्ष जळगाव, एक वर्ष धुळे, एक वर्ष नंदुरबार असा फिरवावा. वेळ दुपारी चारनंतरची ठेवावी, म्हणजे शेतातली माणसे येतील आणि अंधार पडल्यावर दुर्बिणीतून ग्रह-तारेही पाहता येतील. पाहुण्यांचे भाषण ठेवायचेच असेल तर पाच मिनिटांचे ठेवावे.

आपला,
एक वाचक, सावदा (ता. रावेर)