‘नुसती खापरं’ म्हणू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीत मुलांना दाखवावीत अशी संग्रहालये आपण सुचवली होती. यादी चांगली होती, पण पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधल्या पुरातत्त्व संग्रहालयाची बोळवण मात्र एका ओळीत केलीत : मडक्यांच्या खापरांपलीकडे तिथे सामान्य माणसाने पाहावे असे फारसे नाही. त्या खापरांवर आमच्या घरची चूल काही वर्षे पेटली, म्हणून हे पत्र.

मी शिरूर तालुक्यातली, घोड नदीच्या काठची. तिथल्या इनामगावचे डेक्कन कॉलेजचे उत्खनन १९६८ मध्ये सुरू झाले आणि हंगामामागून हंगाम करत १९८३ पर्यंत चालले. माझे वडील तिथे रोजंदारीवर होते. मी दुपारची भाकरी घेऊन जायचे. आमच्याकडे जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढरी म्हणतात. तिथली माती भुसभुशीत, राखेसारखी. पिढ्यान्‌पिढ्या लोक ती गाड्या भरभरून शेतात टाकत आले, खत म्हणून. तिच्याबरोबर काय काय नांगराखाली गेले असेल ते त्या शेतांनाच ठाऊक. त्याच मातीत शहरातली शिकलेली पोरे गुडघे टेकून ब्रश फिरवत बसत, याचे गावाला हसू यायचे. ‘सोनं घावलं का रं?’ हा वडिलांना रोजचा प्रश्न.

घावायची ती खापरंच. पाट्याच्या पाट्या. ती धुवायची, उन्हात पसरायची, वाळली की प्रत्येकावर शाईने बारीक अक्षरात लिहायचे : जागा कोणती, खड्डा कोणता, थर कितवा. वडील चौथी शिकलेले, पण एका थराचे खापर दुसऱ्या थराच्या पाटीत पडले तर ते वाया गेले, हे त्यांना पक्के कळले होते. ‘नंबर गेला की खापराचं गाव गेलं,’ असे ते म्हणायचे. पुढे मुलांना शिकवताना इतिहासाची याहून चांगली व्याख्या मला सापडली नाही.

या खापरांनी काय सांगितले? घोडकाठी साधारण इ.स.पू. १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे नऊशे वर्षे, शेतकरी राहत होते. आधी चौकोनी घरे होती, शेवटी शेवटी पाऊसपाणी आटले तशा गोल झोपड्या आल्या. त्यांचे मूल गेले तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घरातल्याच जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसांची पावले घोट्यापासून तोडून मग पुरत. का, यावर अंदाजच आहेत. पण एकाला मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरले होते, अंगणात, आणि त्याची पावले शाबूत. तो गावचा कोणी मुख्य असावा असे तज्ज्ञ मानतात. एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची झाकणाची डबी निघाली, आत बिनडोक्याची देवी, सोबत बैल. देवीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक, काडी घातली की देवी बैलावर बसते. वर्गात मी हे सांगितले की मागच्या बाकावरची पोरेसुद्धा गप्प व्हायची.

विद्यापीठाचे संग्रहालय राजवाड्यातल्या संग्रहालयापेक्षा वेगळे का, ते इथे कळते. १८२१ च्या पुण्यातल्या संस्कृत पाठशाळेपर्यंत ज्याची मुळे जातात ते हे कॉलेज १९३४ मध्ये बंद पडले आणि १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उभे राहिले. पुरातत्त्वज्ञ डॉ. हसमुख सांकळिया तेव्हापासून तिथे होते. विद्यार्थ्यांना पुरातत्त्व शिकवायचे तर वस्तू हातात हवी, या गरजेतून संग्रह वाढत गेला. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये खणले, तिथल्या तांबड्या, काळ्या नक्षीच्या, तोटीच्या भांड्यांमुळे आज त्या अख्ख्या संस्कृतीलाच जोर्वे म्हणतात. मग नेवासे, मग इनामगाव. त्याच आवारात मराठ्यांच्या इतिहासाचेही संग्रहालय आहे. इतिहास-संशोधक रावबहादूर पारसनीसांनी साताऱ्यात जमवलेला संग्रह तिथे आला, नाना फडणविसांचे मेणवली दप्तरही तिथेच आहे. त्यावर वेगळे पत्र लिहावे लागेल.

आणि वस्तू काचेमागे गेली म्हणून तिचे काम संपत नाही. राजस्थानातल्या बालाथल इथे १९९० च्या दशकात खणताना निघालेला एक सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा सांगाडा डेक्कन कॉलेजात जपून ठेवला होता. त्याच्या हाडांवर कुष्ठरोगाच्या खुणा आहेत, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातल्या कुष्ठरोगाचा हा सर्वांत जुना पुरावा मानला गेला. बघण्यासारखे काही नाही म्हणून तो कोणी टाकून दिला असता तर?

टाकून देतात हो. मी नोकरी केली त्या एका शाळेत पोरांनी शेतातून वेचून आणलेली खापरं मी खोक्यात ठेवली होती, चिठ्ठ्या लावून. (वेचायची नसतात, जागेवरच राहू द्यायची, हे मला उशिरा कळले.) मे महिन्यात खोलीची रंगरंगोटी झाली आणि जूनमध्ये पाहते तर खोके नाही. खडी म्हणून वाटेवर पसरली होती. रागवायचे कोणावर? त्या गवंड्यालाही कोणी ‘नुसती खापरं’ असेच सांगितले असणार.

वडिलांना मी एकदाच संग्रहालयात नेले, त्यांची सत्तरी उलटल्यावर. येरवड्याची ती काळ्या दगडाची इमारत बघून ते बाहेरच घुटमळले, चपला काढायच्या का म्हणाले. आत तोटीच्या एका भांड्यासमोर उभे राहिले. जोर्वेचे भांडे भट्टीत इतके नीट भाजलेले असते की टिचकी मारली तर धातूसारखे वाजते, आणि त्यांचे बोट काचेकडे गेलेच. मग खाली वाकून, मान वाकडी करकरून ते भांड्याच्या बुडाशी काहीतरी शोधत राहिले. पहारेकऱ्याला वाटले, काही पडले.

ते नंबर शोधत होते.

पुढच्या यादीत या संग्रहालयाला चार ओळी द्याव्यात, ही विनंती. जाण्याआधी वेळ विचारून घ्या, हेही छापा. सुट्टीच्या दिवशी लांबून आलेली पोरे दारातून परत फिरायला नकोत.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, ता. शिरूर, जि. पुणे