ड्रमरच्या बाजूने

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

माझ्या आवडत्या बँडची यादी वाचून तू घेतलेला आक्षेप वरवर पाहता रास्त आहे. लेड झेपेलिनवरून जीव ओवाळून टाकणाऱ्या माणसाने रमोन्सनाही त्याच पंक्तीला बसवावे, रोलिंग स्टोन्सच्या शेजारी व्हेल्वेट अंडरग्राउंडची पानं मांडावीत आणि तुझ्या आराध्यदैवताला, म्हणजे रशला, यादीतून सपशेल वगळावे, यात तुला कसलेही धोरण दिसत नाही. गिटारच्या अंगाने शोधलेस तर ते सापडणारही नाही. गाणे सुरू झाले की तू आधी रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, पकडतोस, मग सोलोची वाट पाहतोस आणि मधल्या वेळात शब्दांकडे लक्ष देतोस. माझे कान मात्र सरळ मागे बसलेल्या माणसाकडे जातात. ती यादी ड्रमरांची आहे असे समजून पुन्हा वाचलीस तर तिच्यातली विसंगती बरीचशी निवळेल, आणि जी उरेल तिचे समर्थन करायला मी समर्थ आहे.

झेपेलिनपासूनच सुरुवात करतो, कारण तिथे आपण दोघेही एकाच देवळात वेगवेगळ्या मूर्तीपुढे उभे असतो. त्यांच्या १९७१ च्या चौथ्या अल्बमचा शेवट ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ने होतो. मूळ गाणे मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांचे, १९२९ सालचे, मिसिसिपी नदीच्या १९२७ मधल्या महापुरावरचे. झेपेलिनने ते हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात ध्वनिमुद्रित केले तेव्हा जॉन बॉनमचे ड्रम्स जिन्याच्या तळाशी मांडले गेले आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स याने मायक्रोफोन वरच्या मजल्यावरून खाली सोडले. त्यामुळे आपल्याला नुसता आघात ऐकू येत नाही. तो जिन्याच्या पोकळीतून वर चढत जातो, भिंतींवर आपटतो आणि मग आपल्यापर्यंत पोहोचतो. हे तंत्र पुढे अनेकांनी वापरून पाहिले, परंतु बॉनमचा उशीर कोणालाही उसना घेता आला नाही. त्याचा स्नेअर, म्हणजे कडक आवाजाच्या ड्रमवरचा ठोका, मात्रेच्या अगदी मागच्या काठावर पडतो, आणखी किंचित रेंगाळला असता तर लय ढासळली असती, आणि ती ढासळत नाही या जाणिवेतच सगळी मौज आहे. गिटारवादक जिमी पेजचा रिफ तिथे तसा साधाच आहे. ड्रम्स मनातल्या मनात काढून टाकून ऐक. जे उरते तो चांगला पण चारचौघांसारखा ब्लूज आहे. बीस्टी बॉइज या हिप-हॉप गटाने १९८६ मधल्या आपल्या पहिल्या अल्बमची सुरुवात केली ती नेमके हेच ठोके उचलून.

बॉनम २५ सप्टेंबर १९८० रोजी गेला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात उरलेल्या तिघांनी थांबण्याचा निर्णय जाहीर केला. तू याकडे मैत्रीची भावना म्हणून पाहतोस. ती असेलच, पण मला तो निर्णय आधी सांगीतिक वाटतो. २००७ च्या डिसेंबरात लंडनला ते पुन्हा एकत्र आले तेव्हा ड्रम्सवर बॉनमचा मुलगा जेसन होता, हेही ध्यानात घे. गायक बदलला की बँड संपतो हा तुझा सिद्धान्त मला मान्य नाही तो अशाच अनुभवांमुळे. एसी/डीसीचा बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये गेला आणि जुलैत ब्रायन जॉन्सनला घेऊन त्यांनी ‘बॅक इन ब्लॅक’ बाहेर काढला. बँड तोच वाटतो, कारण यंग बंधूंच्या गिटारखाली फिल रडचा तो काटकसरी, एकही ठोका वाया न घालवणारा ठेका जसाच्या तसा आहे. याउलट द हूचे पाहा. गायक तोच, गिटारवादक तोच, बेसही जॉन एन्टविसलच वाजवतोय, पण सप्टेंबर १९७८ मध्ये ड्रमर कीथ मून गेला आणि त्याच्या जागी केनी जोन्स आला. जोन्स नेटका ड्रमर होता, आणि तीच अडचण झाली. मून लय सांभाळण्याच्या भानगडीत फारसा पडतच नसे. ते काम गिटारवादक पीट टाउनशेंडचा उजवा हात करायचा आणि मून गाण्याच्या शब्दांबरोबर, कधी त्यांच्यावर कुरघोडी करत वाजवायचा. जोन्सने लय सांभाळली आणि बँड आज्ञाधारक झाला.

आता रोलिंग स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स. याच्याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण ‘त्यात काय विशेष’ हे तुझे शब्द मला लागले आहेत. वॉट्स मनाने जॅझचा माणूस. जानेवारी १९६३ मध्ये तो स्टोन्समध्ये आला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये मरण पावेपर्यंत तिथेच राहिला. एवढ्या काळात ना त्याने आपल्या छोट्याशा ड्रम संचाचा डोंगर केला, ना लांबलचक सोलोचा हट्ट धरला. त्याची एक लकब तू चित्रफितींत पाहिली असशील. उजवा हात हाय-हॅटवर, म्हणजे सिंबलच्या (धातूच्या थाळ्यांच्या) जोडीवर, चालू असतो, आणि दुसऱ्या वा चौथ्या मात्रेला डावा हात स्नेअरवर पडणार त्या क्षणी तो उजवा हात अलगद उचलून घेतो. बहुतेक ड्रमर त्या मात्रेवर दोन्ही आघात एकत्र करतात. वॉट्सने हाय-हॅट गाळल्यामुळे स्नेअर एकटा, उघडा वाजतो आणि त्याच्या अलीकडेपलीकडे एक बारीकशी फट राहते. शिवाय, अनेक बँडमध्ये गिटारवादक ड्रमरच्या मागून चालतात, तर स्टोन्समध्ये वॉट्स गिटारवादक कीथ रिचर्ड्सच्या मागून चालायचा. रिचर्ड्स केसभर पुढे, वॉट्स केसभर मागे, आणि या दोघांमधल्या अंतरात स्टोन्सचा तो किंचित लडखडणारा डौल राहतो. त्यांची गाणी वाजवणारे असंख्य बँड मी ऐकले आहेत. स्वर बरोबर, गिटार बरोबर, आणि ठेका इतका सरळ की गाण्यातला नखरा कुठल्या कुठे पळालेला.

ब्लॅक सॅबथच्या बाबतीत तू नेहमी त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याची गोष्ट सांगतोस. कारखान्यातल्या अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली, त्याने प्लास्टिक वितळवून त्यांवर टोप्या बसवल्या, हलक्या तारा वापरल्या आणि पुढे गिटारचे सूरही खाली उतरवले, ही गोष्ट खरीच विलक्षण आहे आणि त्या काळोख्या आवाजाचा उगम बऱ्याच अंशी तिथेच आहे. पण त्या अवजड रिफखाली ड्रमर बिल वॉर्ड काय वाजवतो ते कधी वेगळे काढून ऐकले आहेस का? तो स्विंग आहे, जॅझमधला झुलता ठेका. वॉर्ड जॅझ ड्रमर जीन क्रूपाचा भक्त होता, आणि सॅबथचा रिफ जमिनीत न रुतता पुढे सरकतो तो या स्विंगच्या चाकांवर. पुढच्या मेटल बँडनी आयोमीचे रिफ हावरटासारखे उचलले आणि वॉर्डचा स्विंग मागेच सोडून दिला. मला बरेचसे मेटल कंटाळवाणे वाटते त्याचे कारण आवाजाचा कर्कशपणा आहे असे तुला वाटते, पण खरे कारण हे आहे.

याच न्यायाने रमोन्स माझ्या यादीत येतात. १९७६ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये २९ मिनिटांत १४ गाणी आहेत. टॉमी रमोन मुळात ड्रमर नव्हताच. हवा तसा सरळसोट ठेका कोणालाच जमेना, म्हणून तो स्वतः बसला. व्हेल्वेट अंडरग्राउंडची मो टकर तर उभी राहून वाजवायची, बेस ड्रम आडवा ठेवून, मऊ डोक्याच्या काठ्यांनी, सिंबलच्या वाटेला क्वचितच जात. तंत्राच्या परीक्षेत या दोघांना तू उत्तीर्ण करणार नाहीस. तरीही त्यांच्या जागी एखादा निष्णात ड्रमर बसवला तर बँड सुधारणार नाही, नाहीसाच होईल.

याच ठिकाणी रशचा प्रश्न येतो, आणि तो टाळून चालणार नाही. त्यांचा ड्रमर नील पिअर्ट याचे कर्तृत्व मी नाकारत नाही; १९७४ मध्ये बँडमध्ये येऊन त्यांची बहुतेक गीतेही त्यानेच लिहावीत, आणि सगळे जग डोक्यावर घेत असताना नव्वदीच्या दशकात फ्रेडी ग्रुबरसारख्या शिक्षकापुढे विद्यार्थी होऊन बसावे, काठी धरण्याची पद्धतच बदलावी, हे असामान्य आहे. तरीही मी रश ऐकतो तेव्हा मला प्रत्येक आघात आधी ठरवलेला जाणवतो. पिअर्टने रचना केल्या, आणि त्या त्याने मैफिलीत तंतोतंत वाजवल्या. तुला त्यात शिस्तीचे सौंदर्य दिसते, मला दार बंद असल्यासारखे वाटते. हा माझ्या कानाचा स्वभाव आहे, पिअर्टचा दोष नव्हे. जानेवारी २०२० मध्ये तो गेल्यावर रश संपले असे तू ठामपणे लिहिले होतेस, आणि पुढे २०२५ मध्ये उरलेल्या दोघांनी, गेडी ली आणि ॲलेक्स लाइफसन यांनी, अनिका निलेसला ड्रम्सवर घेऊन दौऱ्याची घोषणा केली तेव्हा सर्वांत आधी आनंदाने मलाच कळवलेस. म्हणजे ड्रमर गेल्यावर बँड संपतो हे तूही एकदा मानले होतेस, एवढेच नोंदवून पुढे जातो.

ड्रमच्या आवाजाचाही एक इतिहास आहे आणि माझ्या आवडीनिवडीचा मोठा भाग त्यावर ठरतो. गायक पीटर गेब्रियलच्या १९८० मध्ये आलेल्या तिसऱ्या अल्बमसाठी फिल कॉलिन्स ड्रम्स वाजवत होता, गेब्रियलने सिंबल वापरायला बंदी केली होती आणि ध्वनिमुद्रक ह्यू पॅजम याने खोलीचा घुमारा प्रचंड फुगवून मधेच कापून टाकण्याची युक्ती योजली. आघात होतो, भिंती गर्जतात आणि पुढच्याच क्षणी कोणी दार लावून घेतल्यासारखी शांतता पसरते. पुढच्याच वर्षी कॉलिन्सच्या स्वतःच्या ‘इन द एअर टुनाइट’ या गाण्यातून तो आवाज घरोघर पोहोचला आणि मग सबंध दशक त्याने झपाटले. गेब्रियलच्या अल्बममध्ये त्या आवाजाला एक भीतिदायक हेतू होता. नंतर तो प्रेमगीतालाही लावला, नाचगाण्यालाही लावला. मला ऐंशीच्या दशकातले पुष्कळसे रॉक सहन होत नाही ते यामुळे. त्यानंतर संगणक आला, आणि ड्रमरचा प्रत्येक ठोका आखलेल्या रेघेवर नेऊन बसवण्याची सोय झाली. हे तंत्र मुळातच वाईट आहे असे म्हणण्याचा हटवादीपणा मी करणार नाही, पण बॉनमचा उशीर आणि वॉट्सची फट या दोन्ही गोष्टी त्या रेघेच्या हिशेबी चुकाच ठरतात, हे विसरता येत नाही.

‘पौगंडावस्थेत कानावर पडले तेच आपल्याला थोर वाटते, बाकीचे तर्क नंतर रचलेले असतात,’ असे तू लिहिले आहेस. त्यात तथ्य आहे. रॉबर्ट झायॉन्क या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच दाखवले होते की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते. परंतु सवयीने आवड कशी रुजते एवढेच यातून समजते. सारख्याच वेळा ऐकलेल्या दोन बँडपैकी एक आपल्याला चिकटतो आणि दुसरा गळून पडतो, याचे उत्तर त्यात मिळत नाही. आणि पंथाभिमानाचे म्हणशील तर रॉकच्या चाहत्यांनी त्यात कुठली कसर ठेवली आहे? १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला आणि जमाव मैदानात घुसला. त्यानंतर अवघ्या १२ वर्षांनी निर्वाना बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम आला, आणि रॉकमध्ये पुन्हा जीव आला म्हणून सगळ्यांनी आनंद साजरा केला. त्यातले ड्रम्स आपण गॅप बँड, कॅमिओ आणि शीकचा टोनी थॉम्पसन यांच्याकडून, म्हणजे फंक आणि डिस्कोतून उचलले, असे खुद्द निर्वानाच्या ड्रमरने, डेव्ह ग्रोलने, सांगितले आहे. मैदानात तबकड्या घेऊन गेलेल्यांपैकी कितीजणांनी पुढे त्या ठेक्यावर मान डोलावली असेल, याचा विचार करून मला आजही हसू येते.

राहता राहिला बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार. ‘बीटल्सना मिळालेला भाग्यवान मनुष्य’ हे तुझे वर्णन मी मुळीच स्वीकारणार नाही. रिंगो डावखुरा, आणि उजव्या हाताने वाजवणाऱ्यांसाठी मांडलेल्या संचावर तो आयुष्यभर वाजवत आला. ड्रमवरून ड्रमवर जाताना त्याचे हात इतरांना सोयीच्या वाटेने जात नाहीत. म्हणून त्याच्या भरावाच्या जागा मध्येच थबकतात, अनपेक्षित ठिकाणी वळतात आणि अनुकरण करणाऱ्यांच्या हातून हमखास निसटतात. १९६९ च्या ‘कम टुगेदर’ची सुरुवात हेडफोन लावून, गिटारकडे आणि शब्दांकडे पूर्ण दुर्लक्ष करून तीनचार वेळा ऐक, आणि जमल्यास टेबलावर बोटांनी तसेच वाजवून पाहा. एवढे केल्यावरही तुझे मत कायम राहिले तर कारणांसह सविस्तर लिहून कळव.

तुझा,
जिवलग मित्र