रविवारची बैठक : विषयात बदल

सर्व सभासदांना नमस्कार. रविवारी सकाळी १० वाजता पोवई नाक्याजवळ, नेहमीच्या जागी. फंडाचा हिशेब पुढच्या वेळी.

दुसऱ्या महायुद्धात विमान शिकतानाच अपघातात गेलेल्या, आपल्या एका सभासदाच्या चुलत आजोबांची उड्डाणवही ट्रंकेत सापडली आहे; ती पाहू. ते शिकत ते टायगर मॉथ हे शिकाऊ विमान म्हणजे पुढे-मागे दोन उघड्या बैठका, शिक्षकाचा आवाज नळीतून कानात. (ओरडाही तिथूनच!) वहीतली शेवटची ओळ अर्धी आहे.

‘ते लढाईत कुठे गेले, मग युद्धातले मृत कसे?’ हा वाद नको. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ दरम्यान सेवेत असताना, कोणत्याही कारणाने गेलेल्यांची नोंद ठेवतो.

पाने सुटतात, चहाचे कप लांब ठेवावेत.

— सचिव