‘प्रायमर’ दुर्बोध नाही, काटेकोर आहे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालप्रवासाच्या चित्रपटांवरील आपल्या पुरवणीतील लेखाने अमेरिकी दिग्दर्शक शेन कॅरुथच्या ‘प्रायमर’ची (२००४) ‘दुर्बोध’ या एका शब्दात बोळवण केली आहे. सिनेमा अवघड आहे, हे कबूल. पण तो अवघड आहे, कारण त्यातल्या यंत्राला नियम आहेत आणि दिग्दर्शक प्रेक्षकाला सोपं जावं म्हणून ते वाकवत नाही.

हे यंत्र म्हणजे एरन आणि एब या दोन इंजिनिअर मित्रांनी गॅरेजमध्ये बनवलेली, माणूस आडवा मावेल एवढी पेटी. तारीख फिरवली आणि पोचलो, असला मामला नाही. पेटी सकाळी पावणेनऊला सुरू झाली आणि दुपारी पावणेतीनला तुम्ही आत शिरलात, तर सहा तास प्राणवायूची नळकांडी घेऊन आत पडून राहायचं. तेव्हा कुठे पुन्हा सकाळी पावणेनऊला बाहेर. पेटी सुरू होण्याआधीच्या काळात जाताच येत नाही. बटण दाबून तिथेच रेंगाळलात, तर बाहेर येणाऱ्या स्वतःशीच गाठ पडेल. म्हणून पंधरा मिनिटांचा टायमर लावून निघून जायचं. मग दिवसभर हॉटेलच्या खोलीत, जगाशी संपर्क तोडून. दिवसअखेरचा भाव कळल्यावर मागे जाऊन घ्यायचा शेअरसुद्धा मोठ्या उलाढालीचाच निवडायचा, म्हणजे आपली खरेदी कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

एवढं करूनही घात होतो तो मोबाइलमुळे. एरन फोन खिशात ठेवूनच पेटीत शिरतो. आता गावात एकाच नंबरचे दोन फोन: एक हॉटेलात, एक त्याच्या खिशात. बायकोचा फोन हॉटेलात आला होता. तोच दिवस दुसऱ्यांदा जगताना खिशातला वाजतो. मग हॉटेलातला वाजला का? नसेल, तर घडून गेलेला दिवसच बदलला. ना स्फोट, ना धावपळ. दोघं फक्त नेटवर्क फोन कसा शोधतं याचा खल करतात आणि बघणाऱ्याला घाम फुटतो.

यंत्राचं सामानही तसंच, खऱ्या जगातलं. गाडीचा धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधला पॅलेडियम धातू, फ्रिजची तांब्याची नळी, गॅरेज. गणित शिकलेल्या, इंजिनिअरची नोकरी केलेल्या कॅरुथसारख्या माणसानेच हे लिहावं. त्याने दिग्दर्शन, संकलन, संगीत आणि एक प्रमुख भूमिकाही स्वतःच केली. खर्च सुमारे सात हजार डॉलर. चित्रीकरण सुपर १६ (१६ मिलिमीटर रुंदीच्या) फिल्मवर. चारशे फुटांचं रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने जेमतेम अकरा मिनिटं चालतं. ७७ मिनिटांच्या सिनेमासाठी प्रत्येक शॉटचे दहा टेक घेतले, तर सत्तर रिळं लागतील. कॅरुथने स्थिरचित्रं काढून चौकटी आधी आखल्या आणि बहुतेक शॉट एकाच टेकमध्ये उरकले. त्या वर्षी अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात कथापटांचा ग्रँड ज्युरी पुरस्कार याच सिनेमाला मिळाला.

दोष आहेतच. संवाद एकमेकांवर चढतात, काही पुटपुटल्यासारखे ऐकू येतात. शेवटच्या भागात कुठला एरन कितव्यांदा आलेला आहे, हे सांगण्यात दिग्दर्शकाने जरा जास्तच कंजुषी केली आहे. एखाद्या जास्तीच्या दृश्याने काही बिघडलं नसतं.

फिल्म सोसायट्यांनी तो उपशीर्षकांसह दाखवावा. सिनेमात पुढे पेट्या एकाहून जास्त होतात; प्रेक्षकाने कागदावर प्रत्येक पेटीसाठी एक रेघ ओढून, ती कधी सुरू झाली आणि आत कोण, कधी शिरलं एवढंच टिपावं. लागोपाठ दोनदा दाखवला तरी १५४ मिनिटंच होतात.

आपला,
एक वाचक, ठाणे